गोव्यात कामाला येताय? सगळ्यांच्या सामायिक इंग्रजीची तयारी अशी करा

मी कुडाळ तालुक्यातली. घरात मालवणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे पुस्तकातले धडे व प्रश्नोत्तरं. पेडणे तालुक्यात मोरजीला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर लागले, तेव्हा माझी समजूत होती की इंग्रजी ही इंग्रजांशी बोलायची भाषा. पहिल्या महिन्यात समोर आले ते रशियन, जर्मन, इस्रायली. इंग्रज दोन-तीनच. आत स्वयंपाकघरात नेपाळी शेफ, वाढायला मणिपूरची मुलगी, गाडीवर हावेरीचा ड्रायव्हर, वर सासष्टीतले मॅनेजर. ते दोन-तीन इंग्रज सोडले तर यांतल्या कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नव्हती, माझीही नव्हती, तरी दिवसभराचं काम तिच्यातच चालायचं.

दर ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडची मुलं-मुली इकडे कामाला येतात. त्यांना शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलं की भीती भलत्याच गोष्टींची वाटते, आणि खरा घोटाळा जिथे होतो तिथे कुणाचं लक्षच नसतं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर एका जोडप्याचं विमान चुकलं नसतं. ते पुढे येईलच.

आधी जवळ काय हवं

- खिशात मावेल अशी वही आणि पेन. फोन चालत नाही, कारण पाहुण्याला पटकन दाखवायचं असतं आणि त्याच्याकडूनही लिहून घ्यायचं असतं.
- फोनचं घड्याळ २४ तासांचं करून ठेवा.
- भाषांतराचं ॲप, आणि त्यात रशियन, जर्मन, हिब्रू या भाषा आधीच डाउनलोड केलेल्या. किनाऱ्यावर नेटवर्क हवं तेव्हाच जातं.
- गावांच्या दोन्ही नावांची यादी. कशी करायची ते ६ व्या पायरीत.
- कागदपत्रं: आधार, शिक्षणाचे दाखले, असल्यास अनुभवाचं पत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि या सगळ्याच्या तीन-चार प्रती. खोली भाड्याने घेताना घरमालक पोलिसांना भाडेकरूची माहिती देतो, त्यालाही याच प्रती लागतात. सगळ्या कागदांवर तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे ना, हे घरून निघण्याआधी बघा.

१. आधी बघा, इथे इंग्रजीची गरज आहे का

१९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि सरकारी कामाला मराठीही वापरता येते. पेडणे, डिचोली, सत्तरीत तुमच्या मराठीवर तुमचं सहज भागेल. मालवणी येत असेल तर कोंकणी आठवड्याभरात कानावर बसते. आपल्याकडची मुलं एक चूक हमखास करतात. समोरच्या बाईंनी फ्रॉक घातलाय किंवा नाव पोर्तुगीज वळणाचं आहे असं दिसलं की थेट इंग्रजी नाहीतर हिंदी सुरू. त्या बाई आयुष्यभर कोंकणीच बोलत आल्या आहेत. पहिला शब्द कोंकणीत काढा. "कितें" (काय), "खंय" (कुठे), "बरें" (बरं), आणि काम झाल्यावर "देव बरें करूं" (धन्यवाद). एवढ्यानेच चेहरा बदलतो. पुढे त्या स्वतःच इंग्रजीवर आल्या तर तुम्हीही या.

उलटी चूक सहकाऱ्यांच्या बाबतीत होते. मणिपूर, मिझोराम, केरळच्या माणसाला हिंदी येतच असेल असं धरून चालू नका. विचारा. नसेल येत, तर तुमच्या दोघांत इंग्रजीच.

वयस्क गोंयकारांची इंग्रजी लक्ष देऊन ऐका. पोर्तुगीज राज्य १५१० ते १९६१, पण त्या काळातही इथली माणसं मुंबईला, बोटींवर आणि ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेत कामाला जात होती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या कुडी, म्हणजे राहायच्या सामायिक खोल्या होत्या, तिथे उतरून बोटीची वाट बघायची. तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होऊन आलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं तोडकं वाटेल, पण ते दहा देशांच्या खलाशांत घडलेलं असतं. वाक्यं छोटी, सावकाश, शेवटी "ओके?" विचारून डोळ्यांत बघणं. आपल्याला हवी ती इंग्रजी हीच.

२. व्याकरणाची भीती सोडा

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं कुठे अडतं, याचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष मांडले. व्हिएन्ना विद्यापीठात बार्बरा झाइडलहोफर यांच्या गटाने अशा संभाषणांचा सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह केला. यातून दिसलं ते आमच्या काउंटरवरही रोज दिसतं. "ही गो" म्हटलं काय नि "ही गोज" म्हटलं काय, समजायला काही अडत नाही. "अ" आणि "द" चुकले तरी अडत नाही. रशियन भाषेत ते मुळातच नाहीत, मराठीतही नाहीत. "थँक यू" मधला थ इंग्रजांसारखा दातांत जीभ धरून काढायचीही गरज नाही, आपला थ चांगला चालतो.

जास्त अडतं ते तीन ठिकाणी: स्वरांची लांबी, चुकीच्या जागी दिलेला जोर, आणि एकालाच माहीत असलेले वाक्प्रचार. म्हणून "पीस ऑफ केक" वगैरे जे पाठ केलं असेल ते घरी ठेवून या. परीक्षेत त्याचे गुण मिळत असतील, पण जर्मन आजोबा खरोखर केक शोधायला लागतात.

३. ह्रस्व-दीर्घ इथे खरोखर लागतं

मराठीत आपण लिहिताना ह्रस्व-दीर्घ पाळतो, बोलताना तो फरक क्वचितच करतो. इंग्रजीत त्यानेच शब्द बदलतो. "आय वाँट टू लिव्ह हिअर" म्हणजे इथे राहायचंय, "लीव्ह" म्हणजे निघायचंय. फिल-फील, शिप-शीप, फुल-फूल. हाउसकीपिंगमध्ये चादरीला आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्याला जे शब्द आहेत, ते दोन्ही ह्रस्व उच्चारले तर शिव्या होतात. शीट, बीच. ई चांगली ताणा, संकोच करू नका. रोज सकाळी आरशासमोर या जोड्या दहादा म्हणा. महिनाभरात जिभेला सवय होते.

दुसरं, "थर्टीन" आणि "थर्टी". पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. तोच प्रकार फिफ्टीन-फिफ्टीचा. जोर जमेना, तर "वन थ्री" आणि "थ्री झिरो" असे सुटे आकडे म्हणा. विमानचालनात तर आकड्यांचे उच्चारच ठरवून बदलले आहेत. थ्रीचा "ट्री", फाइव्हचा "फाइफ", नाइनचा "नाइनर". खरखरीतही ऐकू यावं आणि सगळ्या देशांच्या वैमानिकांना जमावं म्हणून. तिथे ते चालतं, तर काउंटरवर "वन थ्री" म्हणायला लाजायचं कारण नाही.

४. वेळ, तारीख, आकडे: तोंडी कधीच नाही

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची.

एक जर्मन जोडपं होतं. पहाटेचं विमान. संध्याकाळी काउंटरवर येऊन म्हणाले, टॅक्सी "हाफ फोर". त्याआधी एका इंग्रज पाहुण्याने मला सांगितलं होतं की "हाफ फोर" म्हणजे साडेचार. ते खरंच आहे, इंग्रज तसंच म्हणतात. मी रजिस्टरला ४.३० लिहिलं, टॅक्सीवाल्याला सांगितलं, घरी गेले. जर्मनमध्ये मात्र वेळ पुढच्या तासाकडे मोजतात, "हाल्ब फिअर" म्हणजे चाराकडे अर्धं, आपले साडेतीन. रशियनमध्येही असंच. त्यांनी आपल्या भाषेतली वेळ इंग्रजी शब्दांत सांगितली, मी ती इंग्रजांच्या कानाने ऐकली. ते साडेतीनला बॅगा घेऊन लॉबीत उभे. रात्रपाळीच्या काकांना कन्नडच यायचं, त्यांनी रजिस्टर उघडून ४.३० वर बोट ठेवलं. टॅक्सी साडेचारला आली, विमान चुकलं. सकाळी मी कामावर आले तेव्हा त्या बाई लॉबीत बॅगेवर बसून रडत होत्या आणि त्यांचे यजमान फोनवर नवीन तिकीट शोधत होते. मला एक शब्दही बोलले नाहीत. ते चेहरे मी विसरलेले नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम:

वेळ नेहमी २४ तासांत, आकड्यांत, कागदावर. "03:30" असं लिहून कागद पाहुण्याकडे वळवायचा आणि त्याने मान डोलवली तरी "करेक्ट?" विचारून तोंडी उत्तर घ्यायचं.

पहाटेच्या विमानाला वार आणि तारीख दोन्ही लिहा. मध्यरात्रीनंतरच्या वेळेला "टुनाइट" म्हटलं की निम्मे लोक एक दिवस चुकतात.

तारखेत महिना अक्षरात. ०४/०५ हे आपल्याला चार मे, अमेरिकन माणसाला पाच एप्रिल.

लाख आणि कोटी विसरा. दीड लाख म्हणजे "वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड". "डबल थ्री" सुद्धा नको, "थ्री थ्री" म्हणा.

पाहुण्याने लिहिलेला आकडा दोनदा बघा. युरोपातले पुष्कळ लोक एकला वर लांब शेंडी देतात, तो आपल्याला सात वाटतो. त्यांचा सात मधोमध आडवी रेघ असलेला. जर्मन माणसाचं 1.500 म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. त्यांच्याकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम.

मजला. रशियन पाहुण्याला "फर्स्ट फ्लोअर" म्हणजे तळमजला. खोली दाखवताना मजला सांगू नका, खोलीचा नंबर लिहून द्या आणि जिन्याकडे हात करा.

५. समजलं नाही तर "येस" म्हणू नका

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मोठ्यांना परत परत विचारू नये. पाहुणा काहीतरी लांबलचक बोलतो, आपल्याला त्यातलं "टॉवेल" तेवढं कळतं, आणि आपण हसून "येस सर, येस सर" म्हणतो. पाहुणा निश्चिंत होऊन जातो. अर्ध्या तासाने तो रागावून येतो ते टॉवेल न मिळाल्याने नव्हे, तर तुम्ही हो म्हणाला होतात म्हणून.

त्याऐवजी, जे कळलं ते आपल्या शब्दांत परत म्हणा. "टू टॉवेल्स, रूम टू-झिरो-फोर, नाउ. करेक्ट?" वैमानिक नियंत्रण कक्षाने दिलेली सूचना अशीच परत म्हणून दाखवतो, ती त्याच्यावर बंधनकारक असते. बोटींवरही सुकाणूवाला कप्तानाचा हुकूम परत उच्चारतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांसाठी ठरावीक सोप्या इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला, त्याचं कारण हेच. एका जहाजावर चार-पाच मातृभाषा असतात आणि न कळता दिलेला होकार जिवावर बेतू शकतो.

काहीच कळलं नाही तर एवढी तीन वाक्यं पुरतात. "सॉरी, वन मोअर टाइम, स्लोली." "प्लीज राइट." "प्लीज शो मी." दुसऱ्यांदाही कळलं नाही तर सहकाऱ्याला बोलवा. यात कमीपणा नाही. माझा अनुभव असा की फटाफट बोलणारे लंडनचे पाहुणेच सगळ्यांत अवघड जातात, कारण त्यांना कधी दुसऱ्यासाठी भाषा सोपी करावी लागलेली नसते. त्यांनाही हळू बोला म्हणून सांगायचं, नम्रपणे पण सांगायचं.

आता नकारार्थी प्रश्न. पाहुणा विचारतो, "देअर इज नो हॉट वॉटर?" आपण मराठीत विचार करून "येस" म्हणतो, म्हणजे "हो, नाहीये". त्याला ऐकू येतं, गरम पाणी आहे. अशा प्रश्नाला नुसतं हो-नाही कधीच नको. पूर्ण वाक्य: "हॉट वॉटर कम्स आफ्टर टेन मिनिट्स." आणि मान तिरकी हलवणं बंद. आपल्याला त्यातून होकार कळतो, त्यांना नकार किंवा "बघू" वाटतं.

६. गावांची दोन-दोन नावं

मराठी माणूस गोव्यात पहिल्यांदा इथे गोंधळतो. पाहुण्याच्या नकाशावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग असतं आणि तो ते अक्षरशः वाचतो. "बिचोलिम" म्हणजे डिचोली. "सँक्वेलिम" साखळी, "क्वेपेम" केपे, "पेर्नेम" पेडणे, "सिओलिम" शिवोली, "कँडोलिम" कांदोळी, "अरंबोल" हरमल, "मापुसा" म्हापसा, "मार्गाव" मडगाव. शेवटचा म हा मुळात पोर्तुगीजांची नाकातला सूर दाखवायची खूण, पूर्ण म म्हणून तो कधी नव्हताच. कोंकणीच्या रोमी लिपीत एक्स हे अक्षर श साठी असतं, म्हणून मेनूकार्डावरच्या "झाकुती"ला शाकुती म्हणायचं.

वहीच्या एका पानावर तीन रकाने करा: बसच्या पाटीवरचं नाव, नकाशातलं स्पेलिंग, पाहुणे कसं वाचतात ते. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने एक सुट्टी फिरलात की यादी तयार होते.

विमानतळ दोन आहेत हे तर दिवसातून दहादा सांगावं लागतं. दाबोळीचा कोड जी-ओ-आय, मोपाचा जी-ओ-एक्स. मोपाहून विमानं २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली. "गोवा एअरपोर्ट" एवढ्यावर टॅक्सी कधीही बुक करू नका. तिकीट दाखवायला सांगा, कोड स्वतः वाचा. मोपा उत्तरेच्या टोकाला, दाबोळी वास्कोजवळ. चुकलात तर वेळेत परत फिरणं कठीण.

७. आपल्याला इंग्रजी वाटणारे शब्द

गोव्यात "पायलट" म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून सोडणारा माणूस. पाहुण्याला "टेक अ पायलट" म्हटलं तर तो थक्क होतो. "मोटरसायकल टॅक्सी" म्हणा. "पार्सल" नको, "टेकअवे". "गीझर" त्यांच्या दृष्टीने जमिनीतून उसळणारा गरम झरा, म्हणून "वॉटर हीटर". "करंट गेला" चं "नो पॉवर". "हॉटेल" म्हणजे त्यांना राहायची जागा, जेवायची नव्हे. ब्रिंजल कळत नाही, "एगप्लांट" किंवा "ऑबर्जिन" कळतं. "पेपर" म्हणजे मिरी की ढोबळी मिरची, हे विचारून घ्या. "डू द नीडफुल" आणि "प्रीपोन" भारताबाहेर फारसं कुणी वापरत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र अंदाज अजिबात नको. पाहुणा "नट्स" ची ॲलर्जी सांगतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बदाम-अक्रोड येतात. काजू त्यातच येतो, आणि इथल्या किती ग्रेव्ह्यांत काजू असतो ते शेफलाच विचारावं लागेल. "शेलफिश" म्हणजे सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपले) सगळं. वाटणात सुकी सुंगटं असतील तरी सांगायचं. "व्हेजिटेरियन" म्हणणारा मासे खातो का, अंडं चालतं का, प्रत्येक गोष्ट वेगळी विचारा. अशा वेळी "नो प्रॉब्लेम" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. फोनवर शेंगदाणा, काजू, कोळंबीचे फोटो ठेवा आणि बोटाने दाखवून घ्या.

समुद्रावर काम असेल, शॅकवर वगैरे, तर संकटात सौजन्य बाजूला ठेवायचं. "सर, आय थिंक यू शुड नॉट..." एवढं वाक्य होईपर्यंत माणूस पाण्यात गेलेला असतो. "स्टॉप! नो स्विमिंग! डेंजर!" आणि लाल बावट्याकडे हात.

८. नावं लिहून घेताना

परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, हॉटेलवाले त्याला सी फॉर्म म्हणतात. त्यात नाव तोंडी ऐकून कधीच भरू नका. जर्मन माणूस स्पेलिंग सांगताना आयला "ई" म्हणतो आणि ईला "ए". फ्रेंच माणूस जीला "झे" आणि जेला "झी" म्हणतो. ऐकून लिहिलेलं नाव चुकणारच. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, त्यांतल्या वरच्या ओळीत देशाच्या कोडनंतर आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग नाव. तिथून उतरवा. फोनवर नाव घ्यायची वेळ आलीच तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला वापरा. जी साठी गोल्फ, जे साठी ज्युलिएट, आय साठी इंडिया. दोन संध्याकाळींत पाठ होते.

९. कामाच्या खोलीत

पाहुण्यांपेक्षा इथे मन जास्त दुखावतं, म्हणून थोडं सांगते. आपण दोघी-तिघी मराठी एकत्र आलो की मराठी सुरू होते, ते साहजिक आहे. पण मणिपूरची मुलगी शेजारी जेवत असताना आपण मराठीत बोलून हसलो, की तिला वाटतं आपण तिच्यावरच हसतोय. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी हळूहळू वेगळी जेवायला लागली, आणि का ते मला सहा महिन्यांनी कळलं. आता जेवताना कुणी एकजण जरी मराठी न कळणारा असला तर आम्ही सामायिक भाषेवर येतो, मग ती कितीही मोडकी असो. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. सूचना छोट्या इंग्रजीत, एका संदेशात एकच गोष्ट, खोलीचा नंबर आधी. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजी संदेश. आमच्या हावेरीच्या ड्रायव्हरला मी अजूनही बोलूनच पाठवते, आणि तो उत्तरादाखल वेळेचा फोटो पाठवतो. कागदावर लिहिलेलं 03:30.